काळा दगड, गुलाबी दगड: मँगनीजच्या खनिजांविषयी वाचकांचे प्रश्न

रामटेक, पारशिवनी, सावनेर आणि तुमसर या तालुक्यांतून आलेल्या पत्रांचा विषय या वेळी जवळपास एकच आहे: सापडलेला दगड मँगनीजचा आहे का, आणि असला तर नेमका कोणता? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: वावराच्या धुऱ्यावर नांगराला लागून एक काळा दगड वर आला. आकाराच्या मानाने फार जड आहे आणि चुंबक चटकन चिकटतो. बेलडोंगरीच्या खदानीत 'व्रेडेनबर्गाइट' नावाचं दुर्मीळ खनिज सापडलं होतं असं वाचलं. हा तोच असेल का? (शेतकरी, रामटेक तालुका)

असू शकतो, पण त्याआधी बाकीचे उमेदवार बाद करावे लागतील. चुंबकाला चिकटणारा काळा, जड दगड म्हटला की पहिला संशय मॅग्नेटाइटवर, म्हणजे लोखंडाच्या खनिजावर घ्यायचा आणि दुसरा भट्टीच्या मळीवर. व्रेडेनबर्गाइटचा नंबर त्यानंतर.

मळी ओळखणं सोपं आहे. दगड फोडून आतला ताजा भाग बघा. बुडबुड्यांची गोल भोकं, ओघळून थिजल्यासारखा पृष्ठभाग किंवा काचेसारखी तकाकी दिसली तर ती मळी. खनिजात अशी गोल भोकं नसतात.

नंतर चुंबक. स्पीकरमधला मोठा चुंबक थेट दगडाला लावू नका. तो इतका ताकदवान असतो की काळ्या ट्रॅपच्या (बसॉल्टच्या) साध्या दगडातही ओढ जाणवते, कारण ट्रॅपमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लहानसा चुंबक हातभर दोऱ्याला टांगा, वारा नसलेल्या जागी स्थिर होऊ द्या आणि दगड हळूहळू जवळ न्या. बोटभर अंतरावरूनच चुंबक झेपावला तर दगड खरोखर चुंबकीय आहे. त्यानंतर दगडाच्या आतल्या भागाची चिमूटभर भुकटी कागदावर घ्या आणि चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवा. जवळपास सगळी भुकटी उचलली गेली तर खनिजच चुंबकीय. थोडेच कण उचलले गेले आणि बाकीची भुकटी कागदावर राहिली, तर दुसऱ्याच दगडात मॅग्नेटाइट विखुरलेलं आहे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात.

आता कस, म्हणजे घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग. फरशीच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या. टाइलची माती पांढरीच हवी, लाल मातीच्या टाइलवर तपकिरी कस कळत नाही. दगडाचं ताजं टोक जोर देऊन घासा आणि उमटलेली रेघ बोटाने जरा पसरवून उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली नको. मॅग्नेटाइटचा कस काळा. हेमॅटाइटचा लालसर, विटेच्या रंगाचा. व्रेडेनबर्गाइटचा गडद चॉकलेटी तपकिरी. एकटी रेघ बघून मत बनवू नका. माहीत असलेल्या मॅग्नेटाइटची रेघ शेजारी ओढली की फरक डोळ्यांना पटतो.

चुंबकाला जोरात चिकटतो, कस चॉकलेटी आहे आणि टाकणखाराच्या मण्यात (ती रीत पुढे दिली आहे) जांभळा रंग येतो, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तर दगड जेकबसाइटच्या गोतातला आहे असं म्हणता येतं. जेकबसाइट हे मँगनीज आणि लोखंड दोन्ही असलेलं चुंबकीय खनिज. व्रेडेनबर्गाइट हे नाव लुईस फर्मर यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करताना दिलं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कळलं की ते एकच खनिज नसून जेकबसाइट आणि हौसमनाइट (मँगनीजचं एक ऑक्साइड) यांच्या पट्ट्या एकमेकींत गुंतून बनलेलं मिश्रण आहे, म्हणून स्वतंत्र खनिजांच्या यादीत आज त्याला जागा नाही. पण म्हणून तुमच्या दगडाचं मोल कमी होत नाही. त्या पट्ट्या पाहायच्या असतील तर दगडाचा एक सपाट तुकडा काचेवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर २२०, ४००, ८०० आणि १२०० अशा क्रमाने घासा आणि दहापट भिंगाने तिरप्या उजेडात बघा. पट्ट्या दिसल्या तर उत्तम. दिसल्या नाहीत तर नुसता जेकबसाइट असेल, किंवा पट्ट्या भिंगाच्या आवाक्याहून बारीक असतील. तो निकाल प्रयोगशाळेतच लागेल.

प्रश्न: दगड 'जड लागतो' हे आकड्यात कसं मांडायचं? (विद्यार्थी, खापा, ता. सावनेर)

स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा, प्लॅस्टिकचा मग आणि शिवणाचा दोरा एवढ्यावर विशिष्ट गुरुत्व काढता येतं. आधी कोरड्या दगडाचं वजन करा. मग काट्यावर पाण्याने भरलेला मग ठेवून काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा. तो तळाला किंवा कडेला लागता कामा नये. आता काटा जो आकडा दाखवेल ते दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच घन सेंटिमीटरमध्ये दगडाचं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. उदाहरणार्थ दगड ४१२ ग्रॅम आणि बुडवल्यावरचा आकडा ८६, तर विशिष्ट गुरुत्व ४.७९.

तुलनेसाठी काही विशिष्ट गुरुत्वं: गारगोटी २.६५, गुलाबी फेल्डस्पार २.५६ च्या आसपास, ट्रॅप २.९ च्या आसपास, रोडोनाइट ३.६, स्पेसार्टाइन गार्नेट ४.२, ब्राउनाइट ४.७ ते ४.८, बिक्सबाइट ४.९५, मॅग्नेटाइट ५.२.

काटा एक ग्रॅमचा असेल तर दगड २०० ग्रॅमपेक्षा लहान घेऊ नका. २० घन सेंटिमीटरच्या दगडात अर्ध्या ग्रॅमची चूकसुद्धा अडीच टक्के होते. सच्छिद्र दगड पाणी पितो आणि आकडा हळूहळू सरकत राहतो, अशा वेळी पहिल्या काही सेकंदांतला आकडा घ्या. दगडाला चिकटलेले बुडबुडे ओल्या ब्रशने काढून टाका, नाहीतर दगड आहे त्याहून हलका ठरेल.

प्रश्न: आमच्याकडच्या खनिजात ब्राउनाइट भरपूर असतं हे माहीत आहे. मग त्यात बिक्सबाइट लपलेलं असेल तर कसं ओळखायचं? (खदानीत काम करणारे वाचक, तुमसर तालुका)

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. दोन्ही खनिजं काळी, दोन्हींची कठिनता (मोह्सच्या १ ते १० च्या मापावर) ६ ते ६.५, दोन्ही चाकूला दाद देत नाहीत, आणि दोन्हींना चुंबक फारसा ओढत नाही. छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापारच्या खनिजाला फर्मर यांनी 'सीतापाराइट' असं वेगळं नाव दिलं होतं. ते बिक्सबाइटच असल्याचं नंतर सिद्ध झालं.

बघायच्या गोष्टी दोन. पहिली, ताज्या तुटीवरची झाक. ब्राउनाइट करड्या पोलादासारखं चमकतं, तर सीतापारचं खनिज काशाची पिवळसर झाक मारतं. दुसरी, मोकळ्या पोकळीत वाढलेले स्फटिक. बिक्सबाइटचे फाशासारखे चौकोनी, ब्राउनाइटचे दोन्ही टोकांना निमुळते. पण भरीव खनिजात स्फटिक क्वचितच मिळतात, आणि ब्राउनाइटला पाटन (ठरावीक दिशांनीच सपाट तुटण्याचा गुण) असल्यामुळे त्याच्या सपाट तुटी पाहून चौकोनाचा भास होतो.

विशिष्ट गुरुत्वावर इथे फार भिस्त ठेवू नका. २०० ग्रॅमच्या शुद्ध बिक्सबाइटचं आकारमान सुमारे ४०.४ घन सेंटिमीटर येईल, तेवढ्याच ब्राउनाइटचं ४२.१. फरक पावणेदोन ग्रॅमचा. सोनाराच्या ०.१ ग्रॅमच्या काट्यावर तो पकडता येईल. पण बिक्सबाइटमध्ये दहा टक्के आकारमानाची गारगोटी मिसळलेली असेल तर गुरुत्व ४.७२ वर उतरतं आणि नेमकं ब्राउनाइटच्या जागी जाऊन बसतं. सौंसर गटाच्या, म्हणजे इथलं मँगनीज ज्यांत आहे त्या, खडकांत गारगोटी सगळीकडे आहे. त्यामुळे काशाची झाक आणि ४.९ च्या वरचं गुरुत्व अशा दोन्ही गोष्टी दिसल्या तरच नमुना वेगळा ठेवा, एरवी ब्राउनाइट समजा.

एक गंभीर सूचना. ब्राउनाइटमध्ये सिलिका सुमारे दहा टक्के असते, बिक्सबाइटमध्ये नसते, आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये हा फरक कळतो असं पुस्तकांत दिलेलं असतं. ते खरं आहे. पण मँगनीजच्या काळ्या खनिजावर हे ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. संडास धुण्याचं ॲसिड घेऊन बंद खोलीत हा प्रयोग केला तर फुफ्फुसांना इजा होईल. ती कसोटी प्रयोगशाळेसाठी सोडा.

प्रश्न: मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की मँगनीज फसफसतं म्हणतात. मी टाकलं तर सगळेच दगड फसफसले! (वाचक, पारशिवनी)

दगड धुतले नव्हते. माती, शेवाळ, मुळांचे धागे यांच्यावरही पेरॉक्साइडला फेस येतो. शिवाय मँगनीजच्या पट्ट्यात कुठल्याही दगडावर काळ्या ऑक्साइडचा पातळ थर बसलेला असतो. त्याचा जाडपणा केसाएवढा असला तरी फेस भरपूर येतो.

दगड ब्रशने धुवा, वाळवा, फोडा आणि आतल्या ताज्या भागावरच एक थेंब टाका. मेडिकलमध्ये बहुधा '२० व्हॉल्यूम' म्हणजे साधारण ६ टक्क्यांचं द्रावण मिळतं, ते पुरेसं आहे. बाटली जुनी आणि वरचेवर उघडलेली असेल तर तिचा जोर गेलेला असतो. म्हणून आधी टॉर्चच्या साध्या सेलमधल्या काळ्या भुकटीवर थेंब टाकून पाहा. त्या भुकटीत मुख्यतः मँगनीज डायऑक्साइडच असतं. डोंगरी बुजुर्गच्या खदानीतला असा माल बॅटरीच्या कारखान्यांना जातो.

पायरोलुसाइट, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडचं खनिज, थेंब पडताच उसळतं. घट्ट ब्राउनाइट सावकाश फसफसतं, भुकटी केली तर जास्त. रोडोनाइट, स्पेसार्टाइन अशा सिलिकेट खनिजांच्या ताज्या भागावर काहीच होत नाही. म्हणजे फेस आला नाही म्हणून मँगनीज नाही असं म्हणता येत नाही. पायरोलुसाइटची आणखी एक खूण: भुसभुशीत असेल तर हात लावताच बोटं काजळी लागल्यासारखी काळी होतात.

प्रश्न: शाळेत टाकणखाराच्या मण्याचा प्रयोग करायचा आहे. प्लॅटिनमची तार कुठून आणायची? (शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, भंडारा जिल्हा)

प्लॅटिनम लागत नाही. विजेच्या जुन्या शेगडीच्या कॉइलची तार निक्रोमची असते, तीच घ्या. बोटभर तुकडा सरळ करा, टोकाला तीन मिलिमीटरचा फासा वळवा आणि दुसरं टोक लाकडी पेन्सिलीत रोवा. मेणबत्तीची आच पुरत नाही. सोनाराकडचा गॅसचा बर्नर हवा किंवा छोटा ब्लोटॉर्च.

फासा लाल करून टाकणखाराच्या भुकटीत बुडवा आणि पुन्हा आचेवर धरा. टाकणखार आधी लाहीसारखा फुगतो, मग बसतो आणि वितळून काचेसारखा होतो. असं दोन-तीनदा केलं की फासा भरतो. आता खनिज न लावता तो मणी थंड करून बघा. तो रंगहीनच असायला हवा. निक्रोममध्ये निकेल आणि क्रोमियम असतं आणि तार फार तापली तर त्यांचा तपकिरी-हिरवट रंग मण्यात उतरतो. तसा उतरला तर तो तुकडा टाका आणि नवा घ्या.

कोरा मणी स्वच्छ निघाला की तो पुन्हा तापवा आणि भुकटीच्या एका कणाला नुसता टेकवा. टाचणीच्या डोक्याहूनही कमी माल पुरतो. बहुतेक प्रयोग इथेच बिघडतात: माल जास्त होतो, मणी काळाकुट्ट होतो आणि रंग दिसतच नाही. असा मणी तापवून झटकून टाका आणि नवा करा. मणी ज्योतीच्या बाहेरच्या टोकाला, जिथे हवा भरपूर मिळते, तिथे मिनिटभर धरा आणि थंड झाल्यावर पांढऱ्या कागदासमोर बघा. मँगनीज असेल तर जांभळा. तोच मणी ज्योतीच्या आतल्या निळ्या भागात धरला की रंग उडतो आणि बाहेरच्या टोकाशी नेला की परत येतो. हा रंग जाणं-येणं मुलांना जरूर दाखवा, कारण खात्री त्यानेच होते. नुसतं लोखंड असेल तर बाहेरच्या ज्योतीत पिवळा आणि आतल्या ज्योतीत बाटलीसारखा हिरवा रंग मिळतो.

मणी फुटून तडकतो, म्हणून चष्मा हवाच. भुकटी करताना दगडावर पाणी शिंपडा आणि तोंडाला मास्क लावा, मँगनीजची धूळ रोज रोज श्वासात जाणं मज्जासंस्थेला घातक असतं. आणि मण्याचा जांभळा रंग मँगनीज आहे एवढंच सांगतो. खनिजाचं नाव तो सांगत नाही.

प्रश्न: मनसरजवळ गुलाबी दगड मिळाला, वरून काळपट आहे. रोडोनाइट की रोडोक्रोसाइट? (कॉलेज विद्यार्थिनी, रामटेक)

वरची काळी साल ही चांगली खूण आहे. मँगनीजचं गुलाबी खनिज हवेने कुजलं की वर काळं ऑक्साइड येतं, फेल्डस्पारचं तसं होत नाही. चाकूने ओरखडा. रोडोक्रोसाइटची कठिनता ३.५ ते ४, त्यावर चाकू सहज चालतो. रोडोनाइटची ५.५ ते ६.५, त्यावर चाकू घसरतो, फार तर पोलादाची रेघ उमटते. रोडोक्रोसाइटची भुकटी कोमट व्हिनेगरमध्ये बारीक बुडबुडे सोडते, पण दगडात कॅल्साइट मिसळलेला असेल तर तोही सोडतो, म्हणून ओरखड्याची कसोटी आधी करा. फेल्डस्पारही चाकूला दाद देत नाही. तिथे काटा कामी येतो: २.६ आणि ३.६ यांत गफलत होत नाही.

पायरॉक्समँगाइट हे खनिज डोळ्यांना हुबेहूब रोडोनाइटसारखं दिसतं. हातातल्या नमुन्यावर दोन्ही वेगळी करण्याच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न: काचरवाहीच्या 'ब्लॅनफोर्डाइट'बद्दल ऐकलं. ते सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखता येतं का? (वाचक, नागपूर जिल्हा)

बऱ्यापैकी येतं, आणि त्यासाठी लागतो जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचा पोलरॉइड कागद. ब्लॅनफोर्डाइट ही पायरॉक्सिन गटातल्या खनिजाची मँगनीजयुक्त जात. एकाच स्फटिकातून एका दिशेने बघितलं तर गुलाबी आणि दुसऱ्या दिशेने आकाशी निळा, असं तिचं रूप आहे. नुसत्या डोळ्यांना हे दोन्ही रंग मिसळून गडद जांभळट-तपकिरी दिसतात, त्यामुळे जाणकाराच्याही हातून दगड सुटतो.

कॅल्क्युलेटरमधून दोन कागद निघतात. ते एकमेकांवर ठेवून फिरवा. एका स्थितीत काळोख झाला तर कागद चांगले आहेत. मग स्फटिकाची कपची काढा, कडेला कागदाइतकी पातळ. जाड कपची सगळा उजेड पिऊन काळीच दिसेल. ती काचेच्या पट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशने चिकटवा, खालून मोबाइलचा टॉर्च, वर एक पोलरॉइड आणि त्यावर भिंग. आता पोलरॉइड हळूहळू पाव फेरी फिरवा. कपचीची पातळ कड आधी फिकट गुलाबी दिसते, फिरवत गेलं की जांभळी होते आणि शेवटी निळी. पुढच्या पाव फेरीत हाच क्रम उलटा येतो. रंग बदलला नाही तर कपची वेगळ्या बाजूने चिकटवून पुन्हा बघा, कारण काही दिशांनी फरक जाणवण्याइतका नसतो.

याच रीतीने दोन तोतये बाद होतात. लालसर स्पेसार्टाइन गार्नेट कसंही फिरवलं तरी एकाच रंगाचं राहतं. पीमोंटाइट, म्हणजे मँगनीजयुक्त एपिडोट, पिवळं ते किरमिजी-जांभळं होतं, निळं मात्र कधीच होत नाही. निळा दिसला तर नमुना जपून ठेवा. मात्र काचरवाहीतच 'जुडाइट' ही ॲम्फिबोल या दुसऱ्या खनिजगटातली मँगनीजयुक्त जातही नोंदली गेली आहे आणि तीही रंग बदलते. तिथे पाटनाचे कोन पाहावेत: पायरॉक्सिनची दोन पाटनं जवळपास काटकोनात असतात, ॲम्फिबोलची सुमारे ५६ आणि १२४ अंशांत.

प्रश्न: दगडाच्या भेगेत फर्नच्या पानासारखी काळी नक्षी आहे. जीवाश्म आहे का? (वाचक, मौदा)

नाही. भेगेतून झिरपलेल्या पाण्याने मँगनीजच्या ऑक्साइडचे असे फाटे सोडलेले असतात. पानाला मधली शीर आणि ठरावीक मांडणी असते, या नक्षीला नसते. पेरॉक्साइडचा थेंब टाकला की बहुधा फसफसेल.

प्रश्न: नमुना कुठे दाखवायचा, आणि उचललेला चालतो का? (अनेक वाचक)

चालू किंवा बंद खदानीच्या पट्ट्यातला दगड, ढिगाऱ्यावरचा असला तरी, पट्टाधारकाच्या परवानगीशिवाय उचलू नका. मँगनीज हे १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखालचं प्रमुख खनिज आहे. जंगलातला दगडही १९२७ च्या वन कायद्यात वनोपजात मोडतो आणि पेंचच्या राखीव भागात तर तो प्रश्नच येत नाही. स्वतःच्या वावरातला मुठीएवढा नमुना तपासायला नेणं वेगळं आणि माल काढून विकणं वेगळं.

नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे आणि विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभागही आहे. क्ष-किरण विवर्तनाच्या तपासणीला एक-दोन ग्रॅम भुकटी पुरते, म्हणून अर्धा नमुना फोडायला द्या आणि अर्धा जसाच्या तसा राखा. सोबत चिठ्ठी हवी: गाव, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, तारीख, किती खोलीवर मिळाला, आणि दगड खडकातून जागेवरच निघाला की सुटा पडलेला होता. खदानीच्या रस्त्यालगत सुटा मिळालेला दगड ट्रकमधून पडलेलाही असू शकतो आणि रेल्वेच्या गिट्टीतलाही. अशी शंका असेल तर ती चिठ्ठीत लिहाच, तिच्यामुळे तपासणाऱ्याचा बराच वेळ वाचतो.

प्रत्येक दगड वेगळ्या कागदात गुंडाळा. भुसभुशीत पायरोलुसाइट एकाच पिशवीत टाकलं तर त्याची काळी भुकटी बाकीच्या दगडांना माखते, आणि मग गुलाबी रोडोनाइटसुद्धा पेरॉक्साइडला फसफसायला लागतं.